बाबांच्या वाट्याच्या गोळ्या

आज सकाळी कमलताई गेली.

शेवटी नर्स तिच्या कानाशी वाकून मोठमोठ्यानं हाका मारत होती.
मी म्हटलं, "सिस्टर, नका ओरडू. नऊ वर्षांची होती तेव्हापासून तिला ऐकू येत नाही."

कालपासून हॉस्पिटलच्या बाकावर बसून पाठ आखडली आहे. फोन येताहेत. प्रत्येकजण विचारतोय, "जन्मापासून बहिऱ्या होत्या का हो?"

नाही.
सारखं सारखं सांगायचं त्राण नाही, म्हणून इथे एकदाच लिहिते.

आम्ही अकोल्याचे. बाबा कापसाच्या जिनिंग फॅक्टरीत होते. मशीनच्या आवाजानं त्यांनाही कमी ऐकू यायला लागलं होतं. आमच्या घरात सगळे ओरडूनच बोलायचे.

छप्पन साली बाबांनी नागपूरला जाऊन दीक्षा घेतली. परत आले ते एकच घोकत.
"माह्या पोरी शिकल्या पाह्यजेत."

पुढच्याच वर्षी ताईला टीबी झाला. कित्येक महिने रोज इंजेक्शन.
त्या इंजेक्शननं ती वाचली.
आणि त्याच इंजेक्शननं तिचे कान गेले.

माय चुलीपासून हाका मारत होती आणि ताई दारात पाठमोरी बसून सागरगोटे खेळत राहिली. तेव्हा आम्हाला कळलं.

शाळेतून गुरुजींचा निरोप आला. आधी पोरीचे कान दुरुस्त करून आणा, मग बघू.

मग सुरू झालं. तेल घाल, लसणाचा रस घाल, कोणी सांगेल त्या गावाला जा. एक वर्ष असंच गेलं.

अशात कळलं, अमरावतीला एक डॉक्टर कानाच्या नसांवर नव्या गोळीचा प्रयोग करताहेत. लहान मुलं, मोठी माणसं, दोन्ही चालतात.
पॅसेंजरनं बडनेरा, तिथून अमरावती. बाबांनी स्वतःचंही नाव दिलं, ताईचंही.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी काही लपवलं नाही.
"काही जणांना औषधाची गोळी मिळेल, काही जणांना साधी. दिसायला सारखीच. कुणाला कोणती, ते मलाही माहीत नसेल."

बाबांना अर्धंच ऐकू आलं. मायला सगळं.
"म्हंजे आमच्या पोरीले खोटी गोळी भेटू शकते?"
"हो."
"मंग काहून यायचं आमी?"
"औषधानं खरंच फरक पडतो का, हे दुसऱ्या कुठल्या रीतीनं कळत नाही, बाई."

घरी येऊन दोघांनी गोळ्या घेतल्या. थोड्या वेळानं बाबांचा चेहरा लालबुंद. मान, कान, सगळं तापलेलं. अंगाला खाज.
ताईला काहीच नाही.

झालं. डॉक्टरला माहीत नव्हतं, पण आमच्या अख्ख्या मोहल्ल्याला कळलं, खरी गोळी कुणाला मिळाली ते.

दुसऱ्या दिवसापासून बाबांनी आपल्या गोळ्या ताईला द्यायला सुरुवात केली. तिच्या साध्या गोळ्या ते स्वतः खायचे.

ताईचं तोंड पेटल्यासारखं व्हायचं. ती रडायची, गाल मातीच्या घड्याला लावून बसायची.
माय म्हणायची, "रक्त कानाकडे जाऊन राह्यलं, बाई. सोस थोडं."
ते तिला ऐकू कुठे येणार होतं?
ती तोंड घट्ट मिटायची. बाबा तिला धरायचे, माय नाक दाबायची.
एकदा ओकारी झाली आणि ती अंगणातच कोसळली. तरी दुसऱ्या दिवशी गोळी दिलीच.

वाईट नव्हते हो ते. घाबरलेले होते.

पुढच्या तपासणीला ताईच बोलली. स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यामुळे ती फार मोठ्यानं बोलायची. सगळा दवाखाना वळून बघायला लागला.
"बाबा त्याच्या गोळ्या मले देते. माह्यं तोंड जळते."

डॉक्टरांनी कागद पुढे ओढला. त्यावर मोठ्या अक्षरांत लिहून तिला दाखवलं. 'तुला काय हवं?'

"मले शाळेत जायचं हाये," ताई म्हणाली. "कान राहू द्या."

डॉक्टरांनी त्याच दिवशी दोघांची नावं काढली. बाबा त्यांच्या पाया पडले, "पोरीले तरी ठेवा." डॉक्टरांनी ऐकलं नाही.

बऱ्याच महिन्यांनी डॉक्टर आमच्या घरी आले. अकोल्यापर्यंत. असं येऊन सांगणारा माणूस मी पुढे कधी पाहिला नाही.
खाटेवर बसले आणि मायला म्हणाले, "प्रयोग संपला. गोळीनं कुणालाच फरक पडला नाही. खरी घेणारे आणि साधी घेणारे, सारखेच."

मायनं बाबांच्या कानाशी जाऊन ते ओरडून सांगितलं.
बाबांनी डॉक्टरांकडे पाहिलं.
"मंग पोरीले उगाच जाळलं आमी?"

डॉक्टर म्हणाले, "गोळी मीच दिली होती."

चहा झाल्यावर ते बाबांना घेऊन शाळेत गेले. गुरुजींशी काय बोलले, ठाऊक नाही. सोमवारी ताई पहिल्या बाकावर बसली.

ती मॅट्रिक झाली. ओठ वाचायला आपली आपणच शिकली. पुढे बियाणं तपासायच्या लॅबमध्ये रिटायर होईपर्यंत नोकरी केली. लग्न केलं नाही.

औषधं मात्र तिच्या मागे लागलेलीच होती. आधी नातेवाईक, मग कानाच्या मशीनवाले, मग व्हॉट्सअॅप. ती वाचायची, हसायची, फोन उलटा ठेवायची. शेवटी शेवटी हसायचीही नाही. दमली होती.

बाबा म्हातारपणी ठार बहिरे झाले. ते आणि ताई ओसरीवर समोरासमोर बसायचे.
एकदा माझ्यासमोर त्यांनी तिला विचारलं, "कमल, त्या गोळ्यांची आग याद हाये का तुले?"

ताईनं त्यांचे ओठ नीट वाचले. नाही म्हणून मान हलवली.
बाबा उठून आत गेले, तेव्हा मला म्हणाली, "सगळी याद हाये. त्याले काहून सांगू?"

ताई, पड आता निवांत.
आता कोणी तुला काही घे म्हणणार नाही.

तुझ्या धाकटीचा नमस्कार.