स्टेजची थरथर

माझ्या हातून झालेल्या घोळांची यादी हवी असेल तर ती आमच्या हिच्याकडे आहे, तोंडपाठ. पण हा तबल्याचा घोळ मीच सांगतो. ती सांगायला लागली की मला मधे बोलू देत नाही, आणि मी मधे न बोलता राहिलोय असं तुम्ही कधी पाहिलंय का?

तुम्हाला माहीत आहे, मी नाशिक रोडला प्रेसमध्ये मेंटेनन्सला होतो. आयुष्यभर एकच काम, मशीनची थरथर बंद करणं. मशीन केसभर हललं की छपाई गेलीच म्हणून समजा. मी नुसता हात ठेवून सांगायचो कुठलं पॅकिंग, म्हणजे मधली रबराची गादी, गेलंय ते. साहेब लोक मान डोलवायचे. रिटायर झालो, आणि घरात मला मिक्सरलासुद्धा हात लावू देईनात.

त्यात सून आली ती इंजिनिअर. मानसी. पोरगी गुणाची, पण हुशार इतकी की तिच्यापुढे माझा पाना-पक्कड भातुकलीतला वाटायचा. तिनं, कथक शिकवणाऱ्या देवयानीताईंनी आणि कानांच्या एका डॉक्टरीणबाईंनी मिळून कर्णबधिर मुलींसाठी एक लाकडी स्टेज तयार केलं. त्यावर मुली नाचणार होत्या, कॉलेज रोडच्या एका हॉलमध्ये, रविवारी सकाळी अकराला. मानसी मला ते समजावून सांगायला आली. एकदा चहाला, एकदा जेवताना, एकदा मी झोपाळ्यावर बसलो असताना.

"बाबा, त्या स्टेजखाली ना..."

"कळलं गं. स्टेज म्हणजे स्टेज, त्यात काय एवढं?"

तिन्ही वेळा हेच. बिचारीनं नाद सोडला.

रविवारची मिसळ सोडून मी नऊलाच हॉलवर हजर. माझ्याकडे काम काय, तर खुर्च्या मांडणं. मानसीनं तबल्याचं रेकॉर्डिंग लावून पाहिलं, खूश झाली आणि ते तसंच चालू ठेवून मुलींना आणायला गेली. मी सहज स्टेजवर हात टेकवला. अहो, अख्खं स्टेज थरथरत होतं!

खाली वाकून पाहिलं. फळ्यांना सहा गोल डबे, स्पीकरसारखे, थेट स्क्रूनं आवळलेले. मधे पॅकिंगचं नाव नाही. कुठल्याही फिटरचा जीव खालीवर व्हावा असं काम. मला वाटलं, पोरगी घाईत विसरली. आता पाहुण्यांसमोर तिची फजिती होणार, आणि ती सासऱ्याच्या देखत? छे.

स्कूटरच्या डिकीत जुनी ट्यूब होती. कापली, दुहेरी घडी केली आणि सहाही डबे ढिले करून मधे पॅकिंग बसवलं. मग वर हात ठेवला. देवघरातल्या पाटासारखं गप्प! कितीतरी दिवसांनी मला माझाच अभिमान वाटला. कुणाला बोललो नाही. म्हटलं, कार्यक्रम झाल्यावर सांगू, सावकाश, चारचौघांत.

अकराला हॉल भरला. माझ्या एका बाजूला ही, दुसऱ्या बाजूला पेठ तालुक्यातून आलेले एक गृहस्थ, भाताची आवणी, म्हणजे लावणी, अर्धी टाकून आलेले. त्यांची हिरा सगळ्यात पुढे नाचणार होती. जन्मापासून ऐकू येत नाही तिला. ते हळूच म्हणाले, "पोर नाचंल म्हनं. ऐकाय येत नाय, तं नाचंल कशी? गावात कोनाला खरं वाटत नाय." गावाला दाखवायला म्हणून त्यांनी मोबाइल दोन्ही हातांनी धरून ठेवला होता.

तबला सुरू झाला. मुली उभ्याच.

हिरानं पायाकडे पाहिलं. टाच आपटली, एकदा, दोनदा. मग देवयानीताईंकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा पडला. मानसीनं आवाज वाढवला. आणखी वाढवला. लोकांनी कानांत बोटं घातली, मागे कुणाचं तान्हं रडायला लागलं. अख्ख्या हॉलमध्ये त्या आवाजाचा त्रास नव्हता तो फक्त मुलींना. पेठच्या पाहुण्यांनी मोबाइल खाली घेतला.

आणि मी शहाणा काय करतो? हिच्या कानाशी लागून म्हणतो, "बघ, एवढ्या आवाजातही स्टेज हलत नाही. मी केलंय."

"काय केलंय?"

"थरथर बंद केली."

"अहो, त्या थरथरीवर तर नाचतात मुली. पायांतून तबला कळतो त्यांना. मानसीनं तीनदा सांगितलं, तिन्ही वेळा मी तिथंच होते."

मग काय? नवा झब्बा, समोर पाहुणे, आणि मी स्क्रूड्रायव्हर घेऊन स्टेजखाली सरपटतोय. मानसी शेजारी टॉर्च धरून बसली. मी एकेक पॅकिंग काढत गेलो, आणि डबा जिवंत झाला की वरून हिरा टाच आपटायची. ठक. म्हणजे आला तबला, पुढचा घ्या. मशीनवर जसा माझा हात होता तसा तिचा पाय होता, हे मला तिथं उताणं पडल्यावर कळलं. लाज वाटली हो, खरंच.

सहावी टाच वाजली आणि मी बाहेर यायच्या आत पोरींनी नाच सुरूच केला. सगळा कार्यक्रम मी स्टेजखाली पडून ऐकला, तोंडावर धूळ झेलत. एक सम चुकली नाही. बाहेर आलो तेव्हा पेठचे पाहुणे डोळे पुसत होते, आणि मोबाइलमध्ये सगळं आलंय ना ते पुन्हा पुन्हा बघत होते.

हिरा माझ्यासमोर येऊन उभी राहिली. हातांनी काहीतरी विचारलं. देवयानीताई सांगायला तयार होईनात, मीच हट्ट धरला.

"ती विचारतेय, आजोबांना कुणी सांगितलं नव्हतं का?"

"तीनदा," मानसी म्हणाली, आणि तीन बोटं दाखवली.

हिरानं विचार केला. मग अगदी मायेनं माझ्या कानाला हात लावला आणि पुन्हा खूण केली. ती कळायला मला ताईंची गरज पडली नाही. यांनाही ऐकू येत नाही का?

"सांगा तिला," आमची ही मागून म्हणाली, "लग्न झाल्यापासून."

तेव्हापासून घरात काही महत्त्वाचं सांगायचं असलं की ही आधी टाच आपटते, दोनदा. आणि काय सांगू, मी लगेच गप्प बसतो.