इनामदार सरांची लॅब

इनामदार सरांची आणि माझी पहिली भेट भांडणानं झाली. उमरग्याच्या आमच्या कॉलेजात मी नवी होते. लॅबमधला कॉम्प्युटर अडला, म्हणून "मशीन बिघडलंय" असं सांगायला गेले. सर जागेवरून उठलेसुद्धा नाहीत. "मॅडम, पडद्यावर काय लिहिलंय ते आधी वाचा. तुमचं मत मागनं," म्हणाले. मला भयंकर राग आला होता.

लॅबमधली सगळी मशीन जुनी, कुणीतरी टाकून दिलेली. विकतची सिस्टिम त्यांना पेलत नसे आणि कॉलेजला परवडत नसे. सरांनी सगळीकडं मोफत मिळणारी लिनक्स बसवली. सुरुवात पेनड्राइव्हवरून व्हायची, पुढचं सगळं केबलमधून, एका मुख्य मशीनवरून, म्हणजे सर्व्हरवरून, यायचं. शेजारच्या खेड्यांतल्या मुली त्यावरच शिकल्या.

माझे पती गेले, तेव्हा घरी सांत्वनाला रीघ लागली होती. सर आले. न्हाणीघरातला गळका नळ नीट करून गेले. त्या आठवड्यातलं तेवढंच मला लख्ख आठवतं.

मधुमेहानं सरांची नजर मंदावत होती, हे आम्हा सर्वांना ठाऊक होतं. गेल्या वर्षी सगळ्या मशीनवर लिनक्स नव्यानं भरायची ठरली, तेव्हा संस्थेनं बजावलं की प्रात्यक्षिक परीक्षेआधी लॅब सुरू झाली नाही तर सरांकडून काढून घेऊ. डोळे अधू झाले की माणूस निकामी, असं मानणाऱ्यांची मला चीड येते. त्यांतले काही जण सरांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथात लिहिताहेत, लिहोत बापडे.

दसऱ्याची सुट्टी संपली आणि काम अडलं. प्रत्येक मशीन सुरू होई, 'नेटवर्क जोडलं' असं दाखवी आणि मग 'सर्व्हर सापडत नाही' म्हणून थांबे. सरांनी केबली बदलल्या, मुख्य मशीन तपासलं, पेनड्राइव्ह पुन्हा तयार केला. परीक्षा तोंडावर आली. सरांनी डबा खाणं सोडलं.

शेवटी त्यांनी मला मशीनला नेटवर्कवर मिळालेला पत्ता वाचायला सांगितला. मी एकेक आकडा वाचला.

"ह्यो पत्ता आपल्या सर्व्हरनं दिलेला न्हाय," सर म्हणाले. "खोलीत दुसरं कुणीतरी पत्ते वाटायलंय."

शोधताना टेबलाखाली, सुकलेल्या झेंडूत, ऑफिससाठी आणलेला नवा राउटर सापडला. खंडेनवमीला तो लॅबमधल्या मशीनसोबत पूजेला ठेवला होता. आमच्या शिपाईमामांनी तो केबल जोडून चालूही केला होता, आणि तोच मशीनना पत्ते वाटत होता.

"पूजेतली मशीन बंद कशी ठिवायची, सर?" मामा रडवेले झाले.

"चुकलं न्हाय तुमचं. म्याच बघायला पायजे हुतं," सर म्हणाले.

राउटर काढला आणि अडलेलं मशीन सुरळीत चालू लागलं. मुलींनी टाळ्या वाजवल्या. सर पुढं आले आणि पडद्यावर तळवा ठेवून म्हणाले, "लई छान दिसायलंय."

तो पडदा शेजारच्या बंद मशीनचा होता. टाळ्या थांबल्या, तेव्हा सरांना उमगलं. बाकीची मशीन भरून होईपर्यंत ते खुर्चीत बसून राहिले आणि मग लॅबच्या किल्ल्या त्यांनी स्वतःहून प्राचार्यांकडे दिल्या. संस्थेला मागाव्या लागल्या नाहीत.

सरांना साठ वर्षं पूर्ण झाली. त्यांना उदंड आयुष्य लाभो, साखर आटोक्यात राहो, माणसांचा राबता घरी असाच राहो. नजर परत येवो, असं मात्र मी लिहीत नाही. हा लेख त्यांना मीच वाचून दाखवणार आहे, आणि ते वाक्य माझ्यानं वाचवणार नाही.