आत्याबाईंनी निवडलेला कापूस

माझं लग्न होऊन मी ठाण्याला आले तेव्हा मला चौदावं लागलं होतं. आमचं घर तळ्यापासून हाकेच्या अंतरावर होतं. मामंजी कलेक्टर कचेरीत कारकून. घरात ते, सासूबाई, हे आणि मी, आणि मामंजींची थोरली बहीण. तिला मामंजी अक्का म्हणत, बाकीचे सगळे आत्याबाई. मी लिहिते आहे ती हकीकत प्लेगच्या आधी पाच-सहा वर्षांची आहे, आणि त्या आत्याबाईंची आहे.

आत्याबाईंचं सासर वऱ्हाडात होतं. तिथे कापसाची मोठी अडत होती. नवरा वारला तेव्हा ती चौदा वर्षांची होती. केस गेले, अंगावर लाल आलवण आलं, आणि त्यानंतर तीस वर्षं सासरच्यांनी तिला कापसाच्या कोठारात बसवून घेतलं. कुठला माल वरच्या पेठेत जाईल, कुठला नाही, हे ती बोटांनी सांगायची. पुढे दिरांच्या वाटण्या झाल्या. वाटणीत तिला कुणीच आपल्या वाट्याला घ्यायला तयार नव्हतं, म्हणून एक बोचकं देऊन तिला भावाकडे धाडलं. ठाण्याला ती मागच्या पडवीत एका घोंगडीवर निजायची. विधवेला गादी वर्ज्य. हे कुणी सांगावं लागत नसे, तिलाही नाही.

मी येऊन तिसरं वर्ष चालू होतं. त्या वर्षी पावसाळा सरता सरता मामंजी कचेरीच्या पायरीवरून घसरले. हाड मोडलं नाही, पण कमरेनं दावा धरला. वैद्य म्हणाले, लेप-काढे सगळं खरं, पण आधी अंथरूण बदला. घरातल्या गाद्या जुन्या, मध्ये खड्डा आणि कडेला गोळे अशा झालेल्या. पाठीला सगळीकडून सारखा आधार देईल आणि वर्षाभरात बसणार नाही अशी गादी हवी.

मग घरात दोन महिने तोच विषय झाला. कुणी काथ्याची सुचवली. ती आणून पाहिली तर चादरीतून कुसळं टोचत, आणि दमट हवेत तिला जुन्या दोरखंडासारखा वास येई. बदली झालेल्या एका साहेबाच्या सामानाचा लिलाव होता, तिथे मामंजींनी घोड्याच्या केसांची गादी पाहिली. ती इतकी चांगली होती, की ते दोन दिवस तिच्याबद्दल बोलत होते. सासूबाईंनी एवढंच विचारलं, "त्या गादीवर कोण मेलं होतं, ते लिलावात सांगतात का?" विषय मिटला. कोलशेतहून मीठ घेऊन येणारी आगरीण ओसरीवर बसून ऐकत असे. ती म्हणाली, "आमी त पेंढ्यावर निजताव. आमची पाठ कदी दुकली नाय." मामंजींना ते आवडलं नाही.

शेवटी बाजारातल्या एका दुकानदारानं तयार गादी पाहायला पाठवली. दिसायला भरदार, वर छान जाड, पट्टेरी गादीपाटाची खोळ. सासूबाई पसंत म्हणून मोकळ्या झाल्या होत्या. आत्याबाई पडवीतून उठून आल्या, कोपऱ्याची शिवण दोन बोटं उसवली आणि आत हात घातला.

दुकानाचा माणूस म्हणाला, "बाई, कापूस नवा आहे."

"वरचा नवा आहे," आत्याबाई म्हणाल्या. त्यांनी आतून मूठभर कापूस काढून त्याच्यासमोर धरला. काळपट, त्यात जुन्या गोधड्यांचे दोरे. "हा कापूस दोनदा कुणाच्या तरी खाली निजून उठलेला आहे."

तो गादी डोक्यावर घेऊन गेला. मामंजी पहिल्यांदाच बहिणीकडे काही विचारायला वळले. "मग अक्का, चांगला कुठे मिळेल?"

"कल्याणला. घाटावरचा माल आगगाडीनं तिथे उतरतो. मला नेलंत तर मी निवडून देईन."

अशी आम्ही तिघं कल्याणला गेलो: हे, आत्याबाई आणि सोबतीला मी. स्टेशनापासून बाजारपेठेपर्यंत चालत गेलो. कापसाच्या वखारीचा मालक नुकताच गादीवर बसून उदबत्ती लावत होता. त्यानं दारात आत्याबाईंना पाहिलं आणि तोंड फिरवलं. यांना म्हणाला, "भटजी, अजून बोहनी झाली नाही. त्या बाईंना जरा लांब उभं करा."

हे काही बोलले नाहीत. मीही नाही. आत्याबाई स्वतःच रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभ्या राहिल्या. पलीकडे सावली नव्हती. त्या तिथे एक प्रहरभर उभ्या होत्या. पहिलं गिऱ्हाईक येऊन माल घेऊन गेलं, तेव्हा मालकानं बोट हलवून त्यांना बोलावलं.

आत आल्यावर त्यांनी एकेका गठ्ठ्यातून चिमूट काढली. दोन्ही अंगठ्यांत धरून ओढायच्या, तंतू किती लांब निघतो ते बघायच्या. मग मूठ आवळून सोडायच्या आणि कापूस किती लवकर वर येतो ते मोजल्यासारखं पाहायच्या. सहा गठ्ठे नाकारले. सातव्याला म्हणाल्या, "हा बसणार नाही. पण यातला खालचा थर देऊ नका, तो भिजून वाळलेला आहे." मालकानं तळाशी हात घालून पाहिला, मग त्यांच्याकडे पाहिलं. निघताना त्यानं विचारलं, "बाई, कुठल्या पेढीवर होतात?" त्या पदराला लागलेला कापूस झटकत बाहेर पडल्या. परतीच्या गाडीत मात्र त्या माझ्याशी बोलल्या. दिव्याच्या पुढे खाडी दिसायला लागली तेव्हा म्हणाल्या, "माल बरा मिळाला हो." त्यांच्या चेहऱ्यावर मी तेवढा आनंद आधी कधी पाहिला नव्हता.

पिंजारी चार दिवस आमच्या ओसरीवर बसला. त्याच्या पिंजणाची तात वाजू लागली की शेजारच्या बायका नाकाला पदर लावून बघायला येत. आत्याबाई दाराआड बसून सांगत, अजून पिंजा, अजून गाठ आहे. खोळ शिवायचं काम माझ्याकडे आलं होतं. मला शिवणकाम येतं असा माझ्या माहेरचा डांगोरा होता. मी दोन दिवसांत खोळ शिवली. आत्याबाईंनी ती हातात घेतली, शिवणीवरून नख फिरवलं आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "हे टाके वर्षभरात तोंड उघडतील. उसव, मुली."

मी उसवले. परत शिवले. परत तसंच. शेजारणी हसल्या. सासूबाई म्हणाल्या, "माहेरी काय शिकवलं देव जाणे." तिसऱ्या वेळी माझ्या बोटांतून रक्त येत होतं. आत्याबाईंनी शिवण पाहिली आणि पसंतीची नुसती मान हलवली. त्यांच्या मनात माझ्याविषयी काही नव्हतं. त्यांना चांगली खोळ हवी होती, आणि त्या म्हणत होत्या ते बरोबर होतं. पण मला त्या दिवसापासून त्या डोळ्यांसमोर नकोशा झाल्या.

गादी झाली. पहिल्याच दिवशी मामंजी उठून सासूबाईंना म्हणाले, "छान केलीस हो गादी." दोन महिन्यांत प्रथमच त्यांना सलग झोप लागली होती. आत्याबाई तिथेच केर काढत होत्या.

त्यानंतर आठ-दहा दिवसांची गोष्ट. पौष महिना लागला होता. मामंजी आणि हे कचेरीत गेलेले, सासूबाई शेजारी वाती वळायला. दुपारी मी विहिरीवरून आले तर माजघरात गादी पसरलेली आणि तिच्यावर आत्याबाई निजलेल्या. उताण्या, हात दोन्ही बाजूंना, तळवे वर. आलवण डोक्यावरून सरकलं होतं. तोंड किंचित उघडं. लहान मूल दमून झोपावं तशी गाढ झोप लागली होती.

मी कितीतरी वेळ बघत राहिले. हाक मारावी, त्यांनी उठावं, गादी गुंडाळावी, आणि आम्ही दोघींनी ते विसरावं, हे करायला मला एक क्षण लागला असता. भांडं आपटलं असतं तरी पुरे होतं. मी घागर आवाज न करता खाली ठेवली, पाय न वाजवता बाहेर पडले आणि शेजारी गेले. सासूबाईंना म्हटलं, "जरा घरी येता का? काही दाखवायचंय." मी ते चार बायकांसमोर म्हटलं. त्या चौघी येणार हे मला माहीत होतं.

आम्ही सहा जणी माजघराच्या दारात उभ्या राहिलो. आत्याबाई तरी जाग्या झाल्या नाहीत. सासूबाईंनी खाली वाकून अगदी हळू, मायेनं विचारावं तसं विचारलं, "झोप पुरी झाली का, वन्सं?"

त्यांनी डोळे उघडले. आधी सासूबाईंना पाहिलं, मग बायकांना, मग मला. उठून बसल्या, डोक्यावरून पदर ओढला. म्हणाल्या, "मधे कापूस कमी पडलाय का ते बघत होते."

"मग? पडलाय का?"

"नाही."

एक शेजारीण हसली. दुसरी म्हणाली, "या वयात मऊ हवंसं वाटतं हो बाई, उगीच नाही." सगळ्या हसल्या. मीही हसले. आत्याबाई गुडघ्यांवर बसून गादी गुंडाळू लागल्या, ती दोनदा सुटली. कुणी मदत केली नाही.

संध्याकाळी मामंजींना सांगण्यात आलं. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. पगडी काढून खुंटीला लावत म्हणाले, "अक्का, मला या गावात तोंड दाखवायचं असतं." त्यांनी ठरवलं की आत्याबाईंनी तीन दिवस निराहार राहावं, आणि पौष संपेपर्यंत घोंगडी न घेता जमिनीवर निजावं. गादीचं काय करायचं यावर थोडी चर्चा झाली. टाकून द्यायची म्हटलं तर असा कापूस पुन्हा मिळणं कठीण. तेव्हा तिच्यावर गोमूत्र शिंपडून ती उन्हात ठेवली आणि मामंजी पूर्वीसारखेच तिच्यावर निजू लागले. सासूबाईंनी स्वतःहून एक गोष्ट जोडली. रोज दिवेलागणीला ती गादी आत्याबाईंनी अंथरायची आणि सकाळी त्यांनीच उचलायची. "त्यांना आवडते ना," त्या म्हणाल्या.

मला त्या दिवशी सासूबाईंनी आपल्या पानातला लाडू काढून वाढला. लग्न झाल्यापासून त्यांनी मला पहिल्यांदाच 'गुणाची' म्हटलं. लाडू मी खाल्ला, आणि तो मला गोड लागला.

पौषात खाडीवरून वारा येतो तेव्हा पडवीची सारवलेली जमीन ओल्या पाटीसारखी गार असते. तिसऱ्या आठवड्यात आत्याबाईंना खोकला सुरू झाला. तो गेला नाही. पण त्या गेल्या नाहीत, आणखी दोन वर्षं होत्या. गादी अंथरत, उचलत, दर सणाला ती उन्हात घालत, कुठे शिवण सैल झाली तर दाभण घेऊन टाका घालत. माझ्याशी कामापुरतं बोलत. माझ्या पहिल्या बाळंतपणात त्यांनी मला न्हाऊमाखू घातलं, मुलाला शेक दिला. त्या दिवसाचा शब्दही काढला नाही. मला त्यांच्या न बोलण्याचा राग येई, आणि मी मुद्दाम त्यांच्या पाण्याची कळशी रिकामी ठेवी, त्यांना पुन्हा विहिरीवर जावं लागावं म्हणून. हेही सांगितलं पाहिजे.

दुसऱ्या वर्षाच्या पावसाळ्यात त्या विहिरीच्या वाटेवर शेवाळावरून पडल्या आणि खुबा मोडला. मग उठल्या नाहीत. महिन्याभरात पाठीला जखमा झाल्या. वैद्य पाहून म्हणाले, खाली काही मऊ घाला, नाहीतर मांस सडेल. सासूबाई म्हणाल्या, "आता शेवटी शेवटी नेम मोडायला लावू नका."  मामंजी तर पडवीत जातही नसत. त्यांना तो वास सोसत नसे.

माळ्यावर कल्याणच्या त्या कापसातला थोडा उरलेला होता. मी जुन्या धोतराची लहानशी खोळ शिवली, त्यात तो भरला, जेमतेम कमरेखाली येईल एवढी गादुली. टाके बारीक घातले. दुपारी घर निवांत झाल्यावर ती पदराखाली घेऊन पडवीत गेले. म्हटलं, "आत्याबाई, जरा कुशीवर वळा. ही खाली सरकवते. कुणाला कळायचं नाही."

त्यांनी मान वळवून गादुलीकडे पाहिलं. हात बाहेर काढला, कोपरा चिमटीत धरला, शिवणीवरून नख फिरवलं. मला वाटलं, घेतील.

"नको," त्या म्हणाल्या. "तू सांगशील."

त्या आवाजात राग नव्हता. पाऊस येईल, वाळवण आत घ्या, असं म्हणावं तसं म्हणाल्या. मी शपथ घेतली, त्यांच्या पायांवर हात ठेवला. त्यांनी डोळे मिटून घेतले. मी ती गादुली परत घेऊन आले.

त्यानंतर त्या अकरा दिवस जगल्या. मी रोज जखमा धुतल्या, खोबरेल लावलं. रोज वाटायचं, आज पुन्हा विचारावं. विचारलं नाही, कारण त्या पुन्हा तेच म्हणतील याची मला भीती वाटायची. त्या गेल्या तेव्हा मामंजी रडले. त्यांचं रडणं ऐकून मला नवल वाटलं.

पुष्कळ वर्षांनी, सासू-सासरे दोघंही गेल्यावर, मी यांना हे सगळं सांगितलं. कळशीचं, लाडवाचं, मी घागर आवाज न करता ठेवल्याचंही. यांनी दिव्याची वात थोडी खाली केली. मग म्हणाले, "जाऊ दे. तू तेव्हा लहान होतीस."

मी म्हटलं, "सोळा वर्षांची होते. आणि कल्याणला त्या उन्हात उभ्या होत्या, तेव्हा तुम्ही चोवीस वर्षांचे होतात."

हे उठून बाहेर गेले.