लगदामामीची मूठ

लगदामामी कुणाचाही हात हातात आला की आधी दाबून बघायची. माणसात पाणी किती आहे ते त्यावरून कळतं, असं तिचं म्हणणं. माझा हात दाबून म्हणाली होती, "बाई, तुमी जरा पातळच हायत." मी तेव्हा अठ्ठेचाळीसची, शाळेत विज्ञान शिकवणारी. अक्कल येण्याचं वय उलटून गेलं होतं आणि अक्कल काही आली नव्हती. मी खदखदून हसले.

नवरा होता तोवर ती नांदेडला. विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात पोरांच्या प्रयोगासाठी रद्दी भिजवून, कांडून, सिमेंटात कालवून विटा पाडायच्या, ही तिची मजुरी. तो गेल्यावर लातूरला आमच्या शेजारी, भावाच्या ओसरीवर आली. आत पाऊल टाकायचं तर भावजयीला विचारून. "आतून कडी लागल अशी एक खोली पायजे बगा, पावसाच्या आधी," म्हणायची, आणि भावाच्या परसात कागदाच्या विटा पाडायची. हिवाळाभर तिनं गल्लीतली रद्दी गोळा केली. भावजय टोमणा मारायची, "वन्सं, आता पेपरात राहणार का?"

"हाव. तुमी भाईर बसून वाचा."

तिचं सगळं शास्त्र मुठीत. कालवलेला लगदा घ्यायचा, आवळायचा. "दोन-चार थेंब पडले तर बराबर. धार लागली की सिमिट धुऊन जातंय. वीट वाळती, पन आतून मरती." आमच्याकडे नळ आठ-दहा दिवसांनी. रद्दीतून पिळून काढलेलं पाणीही ती पुढच्या घाण्याला जपून ठेवायची.

उन्हाळ्यात तिनं उरलेल्या सगळ्या सिमेंटचा शेवटचा मोठा घाणा कालवला, मूठ आवळून बघितली, आणि नेमका नळ आला. भावाच्या घरचं पाणी भरायला पळता पळता म्हणाली, "बाई, नुसतं हालवत राहा." आता, नळ आला की शिळं पाणी ओतून ताजं भरायचं ही आमची जुनी खोड, टंचाई कितीही असो. पण फेकायला जीव होईना. शिवाय लगदा घट्ट, माझे दंड भरून आलेले. मी घरातल्या तीन घागरी आणि वर माठ त्यात रिकामा केला. ती येईपर्यंत साचेही भरून टाकले. स्वतःवर इतकी खूश, की कुणी सत्कार ठेवला असता तर शाल पांघरून आले असते.

विटा साच्यातच खचून बसल्या. आठ दिवसांनी उचलायला गेलो तर कडा हातात यायला लागल्या. मामीनं विटेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. विज्ञानाच्या बाईंनी निदान केलं, "सिमेंट जुनं असणार." ती दुकानदाराशी भांडून आली. पुन्हा सिमेंट काही जमलं नाही. खोलीच्या भिंती कमरेपर्यंत येऊन थांबल्या, आणि पाऊस लागला.

भादव्यात ओसरीवरच्या ओलीत तिला ताप भरला. सरकारी दवाखान्यात तिच्या उशाशी बसून मी एकदाचं म्हटलं, "मामी, पाणी मी ओतलं होतं."

"ठाव हाय," ती म्हणाली. "फुटक्या विटेत तुमच्या माठातला वाळा निघाला. त्या दुकानदाराला जाऊन सांगितलं, चूक माजी हाय म्हणून."

"मग मला का बोलली नाहीस?"

"तुमी बोलाल म्हणून वाट बगून राहिले."

चौथ्या दिवशी ती गेली. तिला घरी आणलं. ओसरीवरच ठेवलं, आणि तिथूनच नेलं.