समुद्राकडे पाठ

डिसेंबरच्या सुट्टीत मी लातूरहून कोकणात ताईकडे गेलो होतो. ती कचेरीत गेली की मी एकटाच समुद्रावर. पहिल्याच दिवशी आईशी फोनवर गावाकडच्यासारखं, 'हो'ला 'हाव' म्हणत बोलत होतो, तर मागून एक धोतरवाले म्हातारे आले.

"हाव म्हनलात न्हवं? कुठले?"

"लातूरचा."

"मी किनवटचा, आपल्याकडलाच!" म्हणत त्यांनी माझं मनगटच धरलं.

बायको गेल्यावर नोकरीवाल्या मुलानं त्यांना इकडं आणलं होतं. रोज चारला यायचे, चपला काढून त्यांवरच बसायचे, तेही समुद्राकडे पाठ करून. मला हसू आलं. विचारलं, तर म्हणाले, "पानी काय बघावं? मानसं इकडून येतेत."

मग हुरडा, सागाचं जंगल, बायकोच्या हातची भाकरी, असं बोलत राहायचे. मी नुसता 'हाव, हाव' करायचो. तेवढ्यावर त्यांचा चेहरा खुलायचा. खरं सांगतो, चौथ्या दिवशी मला कंटाळा आला होता.

निघताना त्यांनी विचारलं, "उद्या येता ना?"

माझी परतीची गाडी दुसऱ्या दिवशी सकाळीच होती.

"हाव," मी म्हणालो.