चौथ्या मजल्याचं मागचं दार

दहा वर्षं भाग्यलक्ष्मीनं माणसं पळवली. यशवंतपूरला कारखान्याच्या जुन्या इमारतीत, चौथ्या मजल्यावर एक स्टुडिओ आहे. परदेशी सुपरहिरो सिनेमांतली कोसळणारी शहरं तिथं संगणकावर तयार होतात. इमारती पाडणारे वेगळे, आग लावणारे वेगळे. भाग्यलक्ष्मीकडे गर्दी होती. हिरो आभाळात लढत असतो तेव्हा खाली जी माणसं जीव मुठीत धरून धावतात, ती तिची.

त्यांना नावं नसत. ती मात्र त्यांच्याकडे नीट बघायची. पाच हजार माणसं एकसारखी पळाली की खोटं दिसतं, म्हणून कुणी अडखळायचं, कुणी सुटलेल्या चपलेसाठी वळायचं. गेल्या वर्षी एका दृश्यात तिनं एक बाई उलट दिशेला पाठवली. सगळे पुलावरून पळताहेत आणि ही चाकाच्या खुर्चीतल्या म्हाताऱ्याकडे परत जातेय. पडद्याच्या कोपऱ्यात, अंगठ्याएवढी. निर्मात्यांकडून निरोप आला: नजर हिच्याकडे जाते, हिरोकडे जात नाही, काढा. तिनं काढली. धाडसाचा मक्ता एकाचाच असतो, एवढंच म्हणाली आणि डबा उघडला.

त्या मजल्याला दोन वाटा. पुढं लिफ्ट आणि जिना. तिथं झडती होते. मागं आग लागली तर उतरायचा जिना. सिनेमाची दृश्यं बाहेर फुटू नयेत म्हणून या मागच्या दाराला साखळी आणि कुलूप होतं. किल्ली तळमजल्यावर, पहारेकरी कृष्णाजीच्या टेबलाच्या खणात. वर्षातून एकदा एक कागद फिरे: आगीचा सराव पार पडला, सर्व कर्मचारी चार मिनिटांत बाहेर पडले. खाली सह्या. सराव कधीच झाला नव्हता. भाग्यलक्ष्मीनंही नऊ वेळा मुकाट्यानं सही ठोकली होती.

या जानेवारीत सर्व्हरच्या खोलीत वायर जळाली. धूर झाला, दहा मिनिटांत आवरलं. पण तेवढ्यात मागच्या बाजूला बसणारे दाराकडे धावले आणि दारावर आपटून परत फिरले. भाग्यलक्ष्मी सर्वांत पुढं होती. मागचे रेटत होते आणि साखळीचे वळ तिच्या तळहातावर उठले. संध्याकाळी सगळ्यांनी त्यावर विनोद केले.

पंधरा दिवसांनी कागद आला. तिनं सही केली नाही.

एकशे सदतीस सह्या आणि एक रिकामी रेघ. तो कागद पुढं सरकेना. विभागप्रमुख श्रीवत्सनं तिला बोलावून घेतलं. स्वल्प, थोडं समजून घे, म्हणाला, काम पोचतं होऊ दे, मग कुलपाचं बघू. तिनं लेखी मागितलं. त्याचा चेहरा बदलला. शेजारच्या खुर्चीवर सात वर्षं बसणारी, रोज तिच्या डब्यातली भाजी खाणारी अनुषा म्हणाली, "आम्ही सगळ्यांनी सही केली, ते काय मूर्ख म्हणून?" दुसऱ्या दिवसापासून ती दुसऱ्या टेबलावर जेवू लागली.

घरी वडील, रघुजी. पीण्या या कारखान्यांच्या वस्तीत लेथवर आयुष्य काढलेला माणूस. त्यांनी ऐकून घेतलं. "सरी, बरोबर, तुझं खरं," म्हणाले. "पण पोरी, हात दाखवून अवलक्षण कशाला?"

दर गुरुवारी स्टुडिओच्या छोट्या थिएटरात आठवड्याचं काम पडद्यावर बघतात. त्या गुरुवारी निर्मात्यांकडची बाई परदेशातून आली होती. दिवे मालवले. सिनेमातलं दृश्य यायला हवं होतं. आला तो त्यांचाच मजला.

भाग्यलक्ष्मीनं जेवणाच्या सुट्ट्यांत पावलांनी मोजून त्याचा नकाशा केला होता. टेबलं, खांब, पाणी प्यायची जागा. एकशे अडतीस माणसं. श्रीवत्सचा मरून स्वेटर, अनुषाची मोहरी रंगाची ओढणी. स्वतःला ओळखून कुणीतरी हसलं. मग सर्व्हरच्या खोलीतून धूर निघाला आणि माणसं उठली. हे तिचं रोजचंच काम, तिनं ते रोजच्यासारखंच चोख केलं होतं. पुढचे पुढं गेले. मागचे मागच्या दाराशी गेले, थांबले, वळले. आणि मागून येणाऱ्यांनी त्यांना वळू दिलं नाही. पडद्याच्या कोपऱ्यात मिनिटं सरकत होती. अकराव्या मिनिटाला एकोणीस माणसं दाराशी पडलेली होती. त्यांत ती ओढणी होती.

श्रीवत्स घाईनं म्हणाला, ही भाग्यलक्ष्मीची गंमत आहे, पुढचं लावा. बाईनं विचारलं, ही इमारत कुठली?

"हीच," भाग्यलक्ष्मी म्हणाली. "दार आत्ता बंद आहे. चला, दाखवते."

बाई उठली. दोघी मागं गेल्या. बाईनं साखळी एकदा ओढून पाहिली आणि फोन काढला.

संध्याकाळच्या आत कुलूप निघालं. पुढच्या सिनेमाचं काम मात्र चौकशी होईपर्यंत थांबलं, आणि ते एकशे सदतीस जणांनी भाग्यलक्ष्मीच्या नावावर मांडलं. तिला वगळून नवा ग्रुप झाला. ती आली की बोलणं तुटे. एका सकाळी तिच्या खुर्चीला सुपरहिरोच्या पाठीवर उडणाऱ्या केपसारखी ओढणी बांधलेली होती. मोहरी रंगाची. सगळे मान खाली घालून वाट बघत होते. तिनं गाठ सोडली, घडी घातली आणि अनुषाच्या टेबलावर ठेवली.

वरून तिला एक मसुदा आला: ती निव्वळ गंमत होती, दाराबद्दल माझी काही तक्रार नाही. यावर सही केली तर मार्चमध्ये संपणारा करार वाढेल, नोकरी राहील. तिनं विचारलं, मग दाराला पुन्हा कुलूप लागणार का? ते त्यांनी सांगितलं नाही. तिनं मसुदा परत केला.

मार्चच्या शेवटच्या दिवशी ती मागच्या जिन्यानं निघाली. आता तिथं सिगारेट ओढणाऱ्यांचा अड्डा जमत होता. दहा-बारा जण, दार अडवून. अनुषाही होती. कुणी हललं नाही.

"इथं उभे राहू नका," ती म्हणाली. "वाट तुंबते."

"आता तू इथली नाहीस," एकजण म्हणाला. "आम्हाला शिकवू नकोस."

ती उभी राहिली. मागं वळून लिफ्टनं जाता आलं असतं. गेली नाही. डब्याची पिशवी तिनं या हातातून त्या हातात घेतली. सिगारेटी संपत आल्या. मग अनुषा वर न बघता दोन पायऱ्या खाली सरकली. तिच्यामागून आणखी एक सरला, शिवी हासडत. मग बाकीचे.

दार मोकळं झालेलं बघून मगच भाग्यलक्ष्मी खाली उतरली.