सकाळी पेज, संध्याकाळी पेज

आठल्ये मास्तरांचं नाव आधी लिहितो. रत्नागिरीच्या शाळेत त्यांनी मला इंग्रजी शिकवलं, स्वतःच्या घरी जेवू घातलं आणि पुढे पुण्याच्या कॉलेजात पाठवलं. आमच्या घराण्यात माझ्याआधी कोणी सहीपुरतंही शिकलेलं नव्हतं. मी बी. ए. झालो तेव्हा मास्तर मुंबईला मुलाकडे राहायला गेले होते. मी तत्त्वज्ञान घेऊन एम. ए. करायचं, जूनपासून त्यांच्याच घरी राहायचं, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. तोवर वाचायला म्हणून बोटीने येणाऱ्या एका ओळखीच्या माणसाबरोबर त्यांनी एक जाड इंग्रजी कादंबरी धाडली. ती उशाशी असतानाच इस्पितळातल्या डॉक्टरांनी माझ्या पाठीवर बोटं वाजवली.

उजवीकडे आवाज पोकळ आला. डावीकडे भरलेल्या मडक्यासारखा, बद्द.

"प्लुरसी," ते म्हणाले. फुफ्फुसाभोवती एक पातळ पडदा असतो. त्याला सूज येऊन आत पाणी साचतं, त्याला प्लुरसी म्हणतात.

क्षय आहे का, असं मी विचारलं. "आज नाही. नीट पडून राहिलास तर होणारही नाही."

संध्याकाळचा बारीक ताप मी कितीतरी दिवस अंगावर काढला होता. श्वास घेताना बरगडीत सुई टोचायची, तरी उसण भरली असेल म्हणून शेकत बसलो. हे वाचणाऱ्या कोणाला तसं होत असेल तर शेकत बसू नका, डॉक्टरांकडे जा.

जाड सुईने पाठीतून पाणी काढलं. त्याला टॅपिंग म्हणतात. त्यात दुखतं कमी, भीतीच जास्त वाटते. नंतर दोन दिवस मी नुसता पडून होतो. तिसऱ्या दिवशी डॉक्टर कानाला नळी लावून छाती ऐकत होते, तेव्हा मी पुस्तकाकडे बघत विचारलं, "थोडं थोडं सुरू केलं तर चालेल?"

"सकाळी पेज, संध्याकाळी पेज," ते मान वर न करता म्हणाले. "मी सांगेपर्यंत त्यापुढे जायचं नाही. जड तर अजिबात नको."

किती समजूतदार डॉक्टर, असं मला वाटलं. त्या दिवसापासून मी सकाळी एक पान वाचायचो आणि संध्याकाळी एक.

माझी खाट व्हरांड्याच्या टोकाला होती. शेजारच्या दोन खाटा रिकाम्या ठेवल्या होत्या. शाळेतले सोबती एकदाच आले. कठड्याबाहेर उभे राहून, तोंडाला रुमाल लावून त्यांनी विचारपूस केली आणि "येतो पुन्हा" म्हणून गेले. वडील मुंबईला गिरणीत होते. दुपारभर कावळ्यांशिवाय आवाज नसे. वारा फिरला की समुद्र ऐकू येई, तेव्हा आणखीच एकटं वाटे.

कादंबरीतला माणूस मोठा विद्वान होता. सगळी ग्रंथालयं वाचून झाल्यावर तो गावोगावच्या ज्ञानी लोकांना एकच प्रश्न विचारत फिरे: तुम्हाला जे कळलं, त्याने तुमचं काय झालं? कोणी वचनं ऐकवी, कोणी दार लावून घेई. कॉलेजात असतो तर मी ते पुस्तक चार दिवसांत संपवून परीक्षेसाठी वाक्यं टिपली असती. आता एक पान संपलं की पुढचं संध्याकाळीच. मधला सगळा वेळ तो प्रश्न माझ्या खाटेवर बसून असे. कोणाला विचारावं तर जवळ कोणी नव्हतं.

आई होती. ती गावातल्या एका नातेवाइकाकडे उतरली होती. दोन्ही वेळा तांब्यातून भाताची पेज घेऊन येई आणि न भिता खाटेवर बसे. एकदा तिने विचारलं, "काय हाय रे त्यात?"

मी सांगितलं.

"इतका फिरतो, मग जेवतो कुठं?"

"ते लिहिलेलं नाही."

"बायको-पोरं?"

"नाहीत."

"मग सवड हाय त्याला," असं म्हणून ती तांब्या विसळायला गेली.

एका सकाळी डॉक्टर लवकर आले. पुस्तक माझ्या छातीवर उघडं होतं.

"हे कोणी सांगितलं तुला?"

"तुम्हीच. सकाळी पेज, संध्याकाळी पेज."

डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले, मग आईच्या तांब्याकडे. आई घाबरली. "डागदरसायेब, तुमी सांगितल्याली पेजच देतंय मी. मीठ घालून. दुसरा काय बी नाय."

डॉक्टर स्टुलावर बसले आणि चष्मा काढून हसू लागले. "लांज्याकडच्या खेड्यातला ना रे तू? पेज म्हटल्यावर तुला पुस्तकाचं पान आठवलं?"

त्या दिवसापासून वॉर्डात मी पेजवाले बी. ए. झालो. मीही हसलो. मग सगळे गेल्यावर भिंतीकडे तोंड करून पडलो. ज्या शब्दावर मी वाढलो, तो मला परक्या भाषेत ऐकू आला होता. कॉलेजने माझं काय केलं, ते त्या दिवशी कळलं.

घरी सोडण्याआधी मी मुंबईचं विचारलं. डॉक्टर हसले नाहीत. "कोंदट खोली, जागरणं, अभ्यास? दोन वर्षं तरी नाही. गेलास तर क्षय घेऊन परत येशील. गावात राहा, उघड्यावर नीज. वाचन चालू दे. ताप चढलेला नाही, म्हणजे तेवढं तुला सोसतंय."

अशा दुखण्यात इतरांना एवढंच सांगतो. ठरवलेलं आयुष्य सोडावं लागेल, पण म्हणून सगळंच सुटत नाही. डॉक्टरांचे आणि आईचे उपकार आहेत. मास्तरांचे किती, ते मला सांगता येत नाही. त्यांना मी हे पत्र पाठवलं:

"ती. मास्तरांचे चरणी बालकाचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि. मी आजारी होतो, हे आपणांस कळविले नाही, कारण आपण लगेच बोटीत बसला असता. आता ताप नाही. परंतु मुंबईस येणे होणार नाही. माझ्यासाठी ठेविलेली जागा दुसऱ्या एखाद्या मुलास द्यावी. हे लिहिताना फार वाईट वाटत आहे, रागावू नये. घरी आल्यावर जास्त वाचू लागलो; आता कादंबरीची शेवटची पाने राहिली आहेत. डॉक्टरांची परवानगी आहे, तरी मी थांबलो आहे. मे महिन्यात आपण रत्नागिरीस आलात, तर बंदरावर मी गाडी घेऊन येईन. ती पाने आपण मोठ्याने वाचावीत. मला ती एकट्याने संपवायची नाहीत."